चाक फिरतंय आणि सासूबाई लिफ्टमध्ये

...आणि ते चाक फिरतंय! पाच मिनिटं झाली, मी फोनवर सर्चमध्ये एकच शब्द टाकलाय, 'ब्रेक', आणि ते चिमुकलं चाक फिरतंय, फिरतंय... शिसारी येते हो, तुम्हाला सांगतो! बरं, मी काय करमणूक म्हणून शोधतोय? मी लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस, उभा आहे गच्चीवरच्या मशिनरूममध्ये, आणि खाली तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मध्ये अडकल्यात कोण? माझ्या सासूबाई! मी कालच तपासून "बिनधास्त जा" म्हटलेल्या लिफ्टमध्ये.

आता ही लिफ्ट जुनी, खडूस. हिचा ब्रेक हाताने सोडायची रीत निराळी, चुकलं की खाली यायची ती वर जाते. ती रीत मी लिहून ठेवलीय. कुठे? फोनमधल्या नोट्सच्या ॲपमध्ये! का, तर मेहुणा म्हणाला, "भाऊजी, कुठल्या जमान्यात आहात? डायऱ्या घाला रद्दीत. इथे शब्द टाका, चुटकीसरशी हजर." चुटकीसरशी म्हणे! चाक फिरतंय, मग ॲप आपलं आपण मिटतं, उघडलं की पुन्हा चाक फिरतंय...

शेवटी ॲपवाल्यांच्या मदत केंद्राला फोन लावला. तिथली मुलगी, आवाज असा की साखर फिकी पडावी, "सर, बंद करून पुन्हा चालू करा ना." अहो बाई, ते आपणहून बंद पडतंय, तोच तर आजार आहे! "सर, नोट्स किती आहेत?" म्हटलं, एक. "एक हजार?" एक. सहा वर्षांची सगळी कामं, चार हजार फोटो, सगळं एकाखाली एक. माणसाची डायरी एकच असते ना? मग म्हणाली, "सर, फोटो काढून टाका, इंडेक्स नव्याने बनेल." टाकले काढून, सहा वर्षांचे! आणि इंडेक्स बनतोय म्हणजे काय होतंय? चाक फिरतंय! आणि खालून सासूबाई, "जावईबापू, कालच तपासली होती ना?"

पन्नासाव्या मिनिटाला सापडलं हो! लिहिलंय काय? 'ब्रेकची रीत: निळी डायरी, पान एकोणनव्वद.' आणि निळी डायरी मी स्वतःच्या हाताने रद्दीत घातलेली. थू त्या अकलेवर!

चौथ्या मजल्यावर उतरलो, दाराच्या फटीशी तोंड नेलं, म्हटलं, आई, अजून वेळ लागेल, निळी डायरी गेली. तर आतून, "ती होय? कोरी पानं होती, टाकवेना, रद्दीतून काढून घेतली. मी गोळ्यांच्या वेळा लिहिते तिच्यात. पिशवीतच आहे. कितवं पान?" अर्ध्या मिनिटात वाचून दाखवलं हो, वर माझ्या अक्षराला नावं ठेवत!

तेव्हापासून डायरी त्यांच्याकडेच. माझं कुठे अडलं की त्यांना फोन लावतो. लगेच सापडतं, चाक नाही बिक नाही. फक्त उत्तराआधी दर वेळी लिफ्टमधली ती पन्नास मिनिटं पहिल्यापासून ऐकावी लागतात.