हेप्झिबाच्या कानावर पडलेलं नाव

मंडळी, एक विचारतो. खरं कानावर पडलं, पण मनाला दुसरंच हवं होतं. मग माणूस ऐकतो कुणाचं, कानाचं की मनाचं? घाई नको. उत्तर शेवटी द्या!

तीनशे वर्षांपूर्वीची अमेरिका. तिथलं एक लहान गाव. कुमारिका बाळंत होताना, ऐन कळांत, सुईण तिला बापाचं नाव विचारायची. त्या वेदनेत बाई खोटं बोलत नाही म्हणे! सुईण आणि जवळची एक शेजारीण, दोघींनी तेच नाव शपथेवर सांगितलं, की त्या पुरुषाने पोर पोसायचं.

अशीच एक कुमारिका, मर्सी. तिला कळा लागल्या. शेजारीण म्हणून गेली हेप्झिबा, सुतार जोसायाची बायको. लग्नाला नऊ वर्षं, पाळणा हलला नव्हता. डोक्यात एकच किडा — नवरा मर्सीचं छप्पर शाकारायला गेला होता. तीन दिवस! अहो, छप्परच मोठं होतं! पण मत्सराला मोजपट्टी कुठली?

सुईणीने विचारलं, "बोल पोरी, कुणाचं?"

"एनॉकचं... गिरणीवाल्याचं."

सुटली ना हेप्झिबा? छे! तिला वाटलं, सटवी माझ्या नवऱ्याला वाचवतेय. तेवढ्यात बाळ रडलं, आणि हिच्या काळजात सुरी फिरली.

कोर्टात एनॉकने कानावर हात ठेवले. सुईणीने नाव सांगितलं. मग हेप्झिबाची पाळी. या सटवीला कुणाचीच दमडी मिळू नये, एवढंच तिच्या मनात.

"मला नीट ऐकू आलं नाही, साहेब."

झालं! एनॉक सुटला. मर्सी त्याच्याकडे बोट दाखवत राहिली, पण कळा सरल्यावरचा शब्द तिथे कोण धरतो? न्यायाधीशांनी विचारलं, त्या घरी आणखी कुणाची ये-जा? एनॉकच तत्परतेने म्हणाला, सुतार होता की, तीन दिवस.

हेप्झिबा ताडकन उठली. "एनॉकच म्हणाली ती! मी ऐकलंय!"

न्यायाधीश शांतपणे म्हणाले, "बाई, नवऱ्याचं नाव निघाल्यावर ऐकू आलं होय?"

आणि पोर पोसायचा हुकूम सुतारावर निघाला. दर शनिवारी जोसाया दुधाची किटली घेऊन मर्सीच्या दारी जाऊ लागला. आधी मान खाली घालून. पुढे पोर त्याला ओळखू लागलं, हात पसरू लागलं. मग किटली रिकामी झाली तरी त्याला उशीर होई. हेप्झिबा खिडकीशी उभी. जे कधी नव्हतं, ते तिच्याच जिभेने घडवलं होतं.

आता द्या उत्तर! माझ्याकडे काय बघता? "आम्हाला काही ठाऊक नाही बुवा," असं शेजारणीच्या बाजूने बोलायची वेळ आली तेव्हा परवा आपल्यातच कुणीतरी म्हणालं. ठाऊक होतं ना? मग घरी जाताना आधी तिचं दार वाजवा.