सगळं पुसायचं नाही

— नाही, सगळं पुसून नव्याने बसवायचं नाही! कॉम्प्युटरच्या या लिनक्समध्ये एक पॅकेज, एक सुटा भाग, बिघडलं म्हणून अख्खं घर पाडायचं नसतं, हे मागच्या मंगळवारी तुम्हीच सांगितलंत ना? मग! माझा लिहिण्याचा प्रोग्राम गायब झाला आहे. तो आणि तो ज्यांच्यावर अवलंबून आहे ती पॅकेजेस, एवढंच बसवा. थांबा, एंटर दाबू नका — आधी नुसती चाचणी, खरोखर काही न बदलता काय येणार, काय जाणार ते दाखवणारी. यादी पूर्ण वाचा. छत्तीस वर्षं शिकवलं मी. अर्धा प्रश्न वाचून उत्तर लिहिणाऱ्याला कधी गुण दिले नाहीत, दुरुस्तीवाल्यांना तरी का द्यावेत? लेखांच्या प्रती? आहेत, पेनड्राइव्हवर, सकाळीच घेतल्या, बिघडायच्या आधी — म्हणजे, सवयच आहे मला.

अहो, खुर्ची ओढून नीट बसा. लेक काय म्हणते तुमची? अठराच्या पाढ्यावर अडली होती — झाला पाठ? वा! माझा मुलगा दर रविवारी फोन करतो, सात मिनिटं. 'आई, ठीक ना?' ठीकच म्हणते. नाही म्हटलं, तर तिकडून काय करणार बिचारा? — हां, ती फॉन्टची लायब्ररी, अक्षरं दाखवणारी, आधी घ्या, तीच काढलेली आहे, तिच्याबरोबर प्रोग्राम गेला. मला कसं कळलं? अंदाज. अंदाज बांधता येतो माणसाला.

ही कुठली फाइल उघडलीत? नोंदी? कोणी काय काढलं ते मशीन लिहून ठेवतं? वेळेसकट? — हे आधी सांगायला काय झालं होतं तुम्हाला! दहा वाजून चार मिनिटं. आणि तुम्हाला फोन केला दहा वाजून दहा मिनिटांनी. वाचता येतं मला. वरच्या ओळींतले मागचे दोन मंगळवारही वाचलेत ना? असं बघू नका. कॉपी करताना सापडलेल्या मुलाकडे बघतात, तसं बघा हवं तर; हे असं, समजून घेतल्यासारखं — नको.

उघडला प्रोग्राम? अक्षरं दिसताहेत. छान.

काय म्हणालात? काही न बिघडताही बोलवा? आणि तुम्ही दारात उभे राहिलात, की काय सांगू? कशाला बोलावलं म्हणून सांगू?

निघा तुम्ही. दार ओढून घ्या.