डाव्या हातचा पट्टा

नोका उठू, अय्युबभाऊ, बसा — पानी मले नोको, मी काई पाहुनी म्हनून नाई आली. दार उघडंच राहू द्या. धर्मशाळा हाय, लोक येतीन-जातीन, पाह्यलं तं पाह्यलं. मी कोन ते सांगतलं ना तुमाले? आज सांजीले मैदानावर ज्यायच्या संग तुमचा सामना हाय, त्यायची बायको. जयवंता. भगवंत वस्तादाची बायको म्हना, सारे तसंच म्हनतात. मी इथं आली हे त्यायले ठाऊक नाई. देवीले जाऊन येतो म्हनून घरातून निंगाली, ओटी बी घेतली — हे पाहा, हातातच हाय. खोटं नाई बोलली, जाईन बी. पन आंधी तुमच्यापाशी. काहून? काहून का देवी काई ढाल-तलवार घेऊन मैदानात उतरनार नाई. उतरनार तुमी.

आता मी जे बोलतो ते आयका, मंग हसाचं तं हसा. तुमचे उस्ताद रहमतुल्ला चाचा बोलले ते खरं हाय. व्हय, मीच म्हनून राहिली! गेल्या साली चांदूर बाजारले आमच्या मालकायचा खेळ झाला — दोन्ही हातात दोन दांडपट्टे, असे फिरवले का मानूस दिसे ना, नुसतं पातंच पातं. लोकायनं टोप्या उडवल्या. अन् तुमचे चाचा उठले, शांतपनानं बोलले, ओरडले नाई — "भगवंत, तमाशा अच्छा है. मगर लड़ाई नहीं है. लड़ाई में बायें हाथ में ढाल होती है, नहीं तो घोड़े की लगाम. दो पट्टे लेके कौन सिपाही लड़ा?" तुमी होतेच ना तठी? मी बी होती, बायायमंदी. मालक नुसते हसले. मंग कोन्या तरी दीडशहान्यानं काडी लावली का असं असंन तं दाखवा, एकीकडून दोन पट्टे, एकीकडून ढाल-तलवार, होऊन जाऊ द्या. चाचा म्हातारे, म्हनून त्यायच्या जागी तुमी. झालं. अन् आता सारी अमरावती दसऱ्याचं सोनं बाजूले ठेवून तेच पाहाले चालली.

दोन पट्ट्यायचं मी तुमाले सांगू? तुमी खेळाडू, तुमाले समजते, पन घरात काय होते ते तुमाले कसं समजंन. मूठ लोखंडी खोळीत, कोपरापरेंत हात कोंडलेला, मनगट वळत नाई, सारा जोर खांद्यातून. एका हातात पट्टा चढवला का दुसरा आपल्या हातानं चढवता येते का? नाई येत. तो मी चढवतो, त्याचे बंद मी आवळतो. कपाळाचा घाम मी पुसतो. नाकावर माशी बसली तं मले हाक मारतात — जयवंता, माशी! धोतराचा काष्टा सुटला तं मीच खोवतो. हसून राहिले तुमी. हसा. मी बी हसतो. पन सांगा, लढाईत कोनाची बायको संग असते? नवरात्रातल्या देवीले आठ हातात आठ हत्यारं शोभतात, मानसाचं तसं नोहे. मालक सोताच म्हनतात घरात — दुसरा पट्टा म्हनजे दुसरा मानूस नाई, जयवंता, डोकं एकच, छाती एकच. एक पट्टा म्होरं गेला का दुसऱ्याले मांगं थांबावं लागते, नाई तं आपलाच आपल्याले लागते. लागला बी हाय. मांडीवर हा एवढा वन हाय. ढालवाला समोर आला अन् त्यानं एक वार ढालीवर झेलला, पाऊल आत टाकलं — का खेळ खलास. एवढं त्यायले समजते. तुमच्या चाचाहून कमी नाई समजत.

मंग खेळतात काहून? — तेच पुसता ना? सारेच पुसतात. शाळेत कसरत मास्तर पायजे, नवं राज्य झालं तवापासून शाळेशाळेत ठेवून राहिले, अन् मैदानाच्या मंडळातले लोक शब्द टाकनार हायेत. म्हनून खेळतात. पोट हाय ना. बडनेऱ्याच्या कापसाच्या प्रेसमधून घरी बसवलं, तवापासून दुसरं काय हाय? दोन पट्टे पाहाले गर्दी होते, एका तलवारीले कोन पाह्यते. आंधी मात्र तेबी ढाल-तलवारच खेळत. अशी ढाल! लगीन झालं तवा मी पाह्यलेली — समोरचा वार उचलाच्या आंधी ढाल तठी जाऊन बसलेली. मी म्हनो, यायले कसं समजते? ते म्हनत, नजर, दुसरं काय. प्रेसमधलं ते झालं, अन् ढाल सुटली ती सुटलीच —

काय झालं? काई नाई. काई नाई झालं. लागलं जरासं.

असे पाहू नोका माह्याकडे. अय्युबभाऊ, तुमाले बहीन हाय? हाय ना. मंग तिची आन घ्या का हे इथंच राहीन. नोका घेऊ, आन-बिन काई नोको, चेहऱ्यावरूनच समजते मानूस. आयका. कापसाच्या गठानीले लोखंडी पट्टी आवळतात ना, तशी एक तुटली अन् फनकन उडाली. डोळ्यावर नाई, डोळ्याच्या बाजूले. डोळा जसाच्या तसा हाय, बाहुली फिरते, पानी येते, पाहनाऱ्याले काई समजत नाई — पन दिसत नाई. डावा. काईच दिसत नाई डाव्या डोळ्यानं. प्रेसमंदी नाई सांगतलं, आखाड्यात नाई सांगतलं, सख्ख्या भावाले नाई सांगतलं. आमची ललिता डाव्या बाजूनं पान्याचा गडू घेऊन उभी राह्यते, ते आपले समोर पाहून राह्यतात; लेकीले वाटते बाबा रागावले, जाऊन कोपऱ्यात रडते. तिले बी सांगू देत नाई मले.

आता समजलं दोन पट्टे काहून? ढाल कुठी धराची ते समजाले वार दिसला पायजे. दिसतच नाई तं ढाल कुठी धरनार? म्हनून डाव्या हाती पट्टा घेतला अन् तो फिरवतच ठेवला, थांबवाचाच नाई — दिसो ना दिसो, तिकून कोनी आत येऊ नये म्हनून. लोकायले वाटते शौक हाय. शौक नाई, भाऊ, कुंपन हाय ते. चाचायले कसं सांगावं हे? भर बजारात सांगावं का, उस्ताद, तुमचं बरोबर हाय, पन मी काना हाय म्हनून? म्हनून हसले ते. मी घरी येऊन रडली, अन् ते मलेच म्हनतात, रडाले काय झालं, म्हातारा खरंच बोलला.

अन् डावा खांदा दुखते आता. दम टिकत नाई. पट्टा हळू झाला का मले समजते, आवाजावरून समजते. अकोल्याच्या डॉक्टरनं मले बाजूले घेऊन सांगतलं, उजव्या डोळ्याले जप, बाई, एकाचा त्रास दुसऱ्याले होते, डोक्याले मार लागला तं राहिलेला बी जाईन. पातं बोथट केलं म्हनून काय झालं, लोखंडच ना ते? तुमचा एक हात कानशिलावर बसला — चुकून बसला, तुमी मुद्दाम मारान असं मी म्हनत नाई — तं मी उद्या अंधारातला मानूस घरी घेऊन जाईन. पोरगी, मी अन् तो मानूस. तवा मी काय करू? सांगा ना, काय करू?

मी म्हनत नाई का हरा. जिंका तुमी! चाचायची बात खरी होऊ द्या, ढाल जिंकू द्या, पेढे मी वाटतो. फक्त डावीकडून नोका जाऊ. उजवीकडून या, समोरून या, छातीवर टेकवा, पट्टा अडवा — डावीकडून नाई. डोक्यावर नाई. बस एवढंच. मी तुमच्या पाया —

हो? हो म्हनलं तुमी?

देव तुमचं भलं करो. अल्ला तुमचं भलं करो. पाहा, मी उगाच घाबरली होती, रातभर डोळ्याले डोळा नाई. मालक म्हनतच होते, पोट्टा चांगला हाय, रहमतुल्लानं घडवलेला हाय, खोटा वार करत नाई —

पन असं एकदम कसं हो म्हनलं, भाऊ? मी येवढं बोलली, तुमी एक बी सवाल नाई केला. ना पुसलं, ना अडले. अन् आता खाली काहून पाहून राहिले? वरते पाहा. पाहा ना वरते.

कोन आलतं? सकाळी? ते आलते? इथं, तुमच्यापाशी? त्यायनं तं मले सांगतलं का तालमीत जातो म्हनून… काय म्हनले? नोका लपवू, मी काई पोरगी नोहे. माही बायको येईन म्हनले? येईन, रडंन, जे मांगंन त्याले हो म्हना, तिच्या जिवाले बरं वाटंन — अन् मैदानात हात राखू नोका. असं म्हनले? हात राखला तं मले समजंन, अन् मंग मी तुमाले तोंड दाखवनार नाई — असं?

अन् तुमी त्यायले शब्द देल्ला. आंधी त्यायले.

म्हनजे हा जो मले आता देल्ला, तो शब्दच नोहे. बरं. समजलं. तुमचा काई दोष नाई, तुमी काय करान, खेळाडूले खेळाडूनं शब्द देल्ला तं तो पाळाच लागते. फक्त एक सांगा, मंग मी चालली. त्यायनं तुमाले डोळ्याचं बी सांगतलं असंन ना? का डावा डोळा असा हाय, दिसत नाई, म्हनून म्हनतो हात राखू नोका — असंच बोलले असतीन. त्याशिवाय असं कोन काहून बोलंन?

सांगतलं ना?

मान काहून हालवून राहिले, अय्युबभाऊ?

नाई?

काईच नाई सांगतलं डोळ्याचं?

मंग त्यायची आंधळी बाजू तुमाले आता — मीच दाखवली —