मेढेकर मास्तरांचं पत्र

मंडळी, बसा! पुढं सरका, मागच्यांना दिसू दे. टाळकरी, अंमळ थांबा. आधी एक प्रश्न विचारतो, मग वाजवा.

माणूस खोटं बोलला तर पाप त्याचं. हे शेंबडं पोरसुद्धा सांगेल! पण समजा, एक माणूस खरं बोलला. देवाला स्मरून, मनापासून खरं! आणि दोन महिन्यांनी तेच बोलणं खोटं ठरलं. त्यानं एक अक्षर बदललं नाही, तरी ठरलं! मग पाप कुणाचं? बोलणाऱ्याचं? छापणाऱ्याचं? की वाचून मान डोलावणाऱ्याचं? सांगा की! पहिल्या रांगेतले रावसाहेब वर बघतायत. उत्तर आढ्याला टांगलेलं नाही, रावसाहेब!

आणि कोण खोकलं तिकडं? दाबू नका हो, मोकळं खोका. आजची कथाच खोकल्याची आहे.

तर ऐका. राणी सरकारचं राज्य होतं तेव्हाची गोष्ट. रहिमतपुरात मराठी शाळेवर विसाजीपंत मेढेकर नावाचे मास्तर होते. अंगानं काटकुळे, आवाज खणखणीत, आणि खरेपणा असा की अंगावर काटा यावा! एकदा शाळा तपासायला डिपुटीसाहेब आले. साठ मुलं रांगेत बसलेली. डिपुटी खूश! म्हणाले, "वा मास्तर, हजेरी उत्तम आहे." मास्तर म्हणाले, "साहेब, रोज तीसच असतात. आज आपण येणार म्हणून उरलेली घरोघर फिरून गोळा केलीत."

हसता काय? बढती गेली की त्यांची! पण त्या दिवसापासून गावात रीत पडली. बांधावरून भांडण झालं, भाऊबंद हमरीतुमरीवर आले, की लोक एवढंच विचारायचे, "मेढेकर मास्तर काय म्हणाले?" मास्तर म्हणाले ना? मग मिटलं!

त्यांची बायको गोदूबाई. अक्षरओळख नाही, मूलबाळ नाही. घर आणि मास्तर, एवढाच तिचा संसार. तिला नवऱ्याचा अभिमान किती? पाणवठ्यावर बायका शपथा घ्यायच्या, तर ही हसून म्हणायची, "आमच्याकडं शपथेची गरज पडत नाही बाई!"

अशा या घरात खोकला शिरला. आधी कोरडा, मग ओला, मग एका सकाळी उपरण्यावर लाल ठिपका. वैद्यांनी नाडी धरली आणि तोंड गंभीर केलं. म्हणाले, "पंत, शाळा सोडा. मळ्यात झोपडी बांधून उघड्या हवेवर राहा, बकरीचं दूध प्या, बोलणं कमी करा. दोन वर्षं. वाचाल." दोन वर्षं! आता मास्तरला म्हणायचं शाळा सोड आणि बोलू नको! मग उरलं काय त्याचं?

आणि त्याच आठवड्यात टपालानं पुण्याचं वर्तमानपत्र आलं. त्यात शेवटच्या पानावर ही भली मोठी जाहिरात! क्रॅबस्टन साहेबाचा छातीचा अर्क! शेजारी दोन चित्रं. एकात हाडांचा सापळा, दुसऱ्यात तोच गडी पैलवान! खाली यादी: क्षय, दमा, खोकला, मूळव्याध आणि मुलांची दंतपीडा. मंडळी, मूळव्याध आणि दंतपीडा! दोन्ही टोकं एकाच बाटलीत सांभाळली होती पठ्ठ्यानं! आणि शेवटी काय लिहिलेलं? "दारूचा अंश नाही. उपासास चालतो." विलायतेत बसून साहेब आपली एकादशी सांभाळत होता, बघा!

बाटली आली. मास्तरांनी चमचाभर घेतला. आणि काय सांगू! त्या रात्री दोन महिन्यांनी पहिल्यांदा ते सलग झोपले. चौथ्या दिवशी खोकला निम्मा. पंधराव्या दिवशी खोकला गायब! मास्तर टेकडीवरच्या देवीला पायी जाऊन आले, आणि गोदूबाईनं त्या बाटलीला हळदकुंकू वाहिलं. हसू नका हो! जिचं कुंकू राखलं त्या बाटलीला कुंकू लावलं, तर तिचं काय चुकलं?

आता खरा माणूस उपकार ठेवून घेईल का? मास्तरांनी दौत ओढली आणि अर्काच्या मुंबईच्या एजंटाला पत्र लिहिलं. "मी सत्यास स्मरून लिहितो की, आपल्या अर्काने माझा खोकला पंधरा दिवसांत समूळ गेला." त्या दिवशी, त्या क्षणी, यातला शब्द न् शब्द खरा होता, मंडळी! हे ध्यानात ठेवा.

पत्र छापून आलं. नाव, गाव, हुद्दा, सगळं. आणि खाली एजंटानं आपल्या पदरची एक ओळ घातली: "ज्यांस शंका असेल त्यांनी खुद्द मास्तरांस भेटून खात्री करून घ्यावी."

त्या अर्कात होतं काय, सांगू? काकवी, स्पिरिट आणि अफू. अफूनं खोकला बरा होत नाही, नुसता झोपतो. आणि झोपलेला उठतोच की!

दुसऱ्या महिन्यात उठला. ओट्यावर बसून मास्तर खोकायला लागले, तशी गोदूबाई हातातलं सूप टाकून आली. तिनं उपरणं बघितलं.

"अहो, परत आला हो! कळवा ना त्या मुंबईवाल्याला."

"कळवतो. एवढी एक बाटली संपू दे," मास्तर म्हणाले.

ती बाटली संपली, दुसरी आली. चमच्याचे दोन झाले, दोनाचे चार. आणि तेवढ्यात माणसं यायला लागली! कुणी मिरजेहून, कुणी कऱ्हाडहून. जाहिरातीचा कपटा हातात घेऊन दारात उभी. "मेढेकर मास्तर आपणच का? खरंच गुण आला का?"

मास्तर काय करायचे? पाहुणा दिसला की आत जाऊन चार चमचे घ्यायचे, गळ्याचा रुमाल काढायचे, अंगरखा नीट करायचे आणि ओट्यावर ताठ बसायचे. अर्धी घटका खोकला नाही! पाहुणा बघतोय, माणूस ठणठणीत! मास्तर म्हणायचे, "पंधरा दिवसांत गेला, हे खरं." पाहुणा पाया पडून जायचा. आणि तो कोपऱ्यावर वळला की मास्तर भिंतीला धरून वाकायचे.

गोदूबाई दाराआड उभी असायची, श्वास रोखून. कशासाठी? मास्तरांना खोकला येऊ नये म्हणून! अरे, जी बाई शपथेला हसायची, ती आता नवऱ्याचं खोटं टिकावं म्हणून देवाला हात जोडत होती! माणूस कुठल्या कुठं जाऊन पोचतो, बघा.

एका दुपारी तिला राहवलं नाही. "आता जो येईल त्याला मी सांगते. तुम्हाला जमत नाही ना? मी सांगते!"

मास्तर खाटेवर पडले होते. डोळे खोल गेलेले, बोलणं जड. म्हणाले, "गोदू, सबंध आयुष्यात मी एकच मिळवलं. माणसं म्हणतात, मेढेकर म्हणाला ते खरं. तेवढं तरी राहू दे. मी बरा होतो आणि पत्र खरं करतो."

पत्र खरं करतो! ऐकलंत? औषधानं माणूस बरा करायचा असतो. इथं माणूस मरत होता औषधाची शिफारस खरी करायला!

आणि गोदूबाई गप्प बसली. तिच्या गप्प बसण्याला दोष देणं सोपं आहे, पण मला ते जमत नाही. त्या गप्पपणात अकरा माणसं दारातून खात्री करून गेली.

फाल्गुनात मास्तर गेले. शेवटच्या दिवशी अर्कानं गुंगी होती, खोकण्याचं बळही उरलं नव्हतं. गावानं टिपं गाळली, शाळेला सुट्टी दिली. दहाव्या दिवशी न्हाव्यानं गोदूबाईच्या डोक्यावरचे केस उतरवले आणि ती तांबडं लुगडं नेसून माजघराच्या कोपऱ्यात बसली. वर्ष होईतो परपुरुषासमोर यायचं नाही, असा त्या काळचा दंडक.

त्या कोपऱ्यात बसून तिला एकच ध्यास लागला. पत्र थांबवायचं! शाळेवर नवे मास्तर आले होते. सोबतीला येऊन राहिलेल्या दिराच्या हाती निरोप देऊन तिनं त्यांच्याकडून मुंबईला लिहवून घेतलं: "मेढेकर मास्तर त्याच खोकल्याने वारले. त्यांचे पत्र छापणे बंद करावे." पंधरा दिवसांनी एजंटाकडून उत्तर आलं. उत्तर म्हणजे काय? पेटीत गवतात गुंडाळलेल्या दोन बाटल्या, आणि चिठ्ठी: "आपल्या घराण्याचा आमच्या अर्कावरील लोभ असाच वाढो."

हं. आता नाही कुणी हसलं.

तिनं दोन्ही बाटल्या परसातल्या उकिरड्यावर फोडल्या. पण छापखान्यात ठसा तयार, मजकूर जुळलेला, दर आठवड्याला जाहिरात येतच राहिली. मास्तरांची हाडं नदीत विरघळली आणि मास्तर शेवटच्या पानावर ठणठणीत होते!

वैशाखात एका सकाळी दारात बैलगाडी थांबली. सिदाजी कोष्टी नावाचा विणकर, विट्याकडून तीन मुक्काम करत आलेला. गाडीत पांघरुणाखाली त्याची बायको. त्यानं पागोट्यातून कपटा काढला आणि हाक दिली, "मास्तर हाईत का घरात?"

दीर बाजारात गेलेला. घरात दुसरं कुणी नाही. गोदूबाई उठली. मंडळी, उंबरा केवढा असतो? वीतभर! तो ओलांडायला त्या बाईला किती बळ लागलं असेल, याचा हिशेब तुमच्या-माझ्या बापजन्मी व्हायचा नाही. ती ओट्यावर येऊन उभी राहिली. पदर सारून बोलली, "मास्तर नाहीत बाबा. गेले. याच खोकल्यानं गेले."

सिदाजीनं तिच्याकडं बघितलं, कपट्याकडं बघितलं. "आवो, गेलं कसं? ह्यो बघा, ह्याच आठवड्याचा छाप हाय. 'समूळ गेला' म्हणत्यात."

"ते जुनं आहे. खोकला परत आला होता. तू तिला मळ्यात ठेव, उघड्या हवेवर. बकरीचं दूध दे. तो अर्क देऊ नकोस, तुझ्या पाया पडते."

"आमचा वैद्यबी हेच म्हनतोय," सिदाजी म्हणाला आणि त्याची नजर बदलली. "माई, वैद्यांनी तुमास्नी पढवलंय का? अर्क आल्यापास्नं त्येंचा धंदा बसलाय, असं ऐकून हाय."

"अरे, माझ्या डोक्याकडं बघ! माझ्या लुगड्याकडं बघ!"

"बघतोय की. मानूस मरतंच, माई. कशानं मेलं कुनी सांगावं? पर सारा मुलूख सांगतोय, मेढेकर मास्तर लटकं बोलत न्हवतं."

आता काय करायचं तिनं? एकच रस्ता राहिला होता. जे वाक्य त्या घरात कधी उच्चारलं गेलं नव्हतं, ते ती भर रस्त्यात, ऊर फुटेस्तोवर ओरडली. "खोटं बोलले ते! माझा नवरा खोटं बोलला! अकरा माणसांशी खोटं बोलला, आणि मी दाराआड उभी होते!"

सिदाजीनं दोन्ही कानांवर हात ठेवले. "शिव शिव! मेलेल्या धन्याला असं बोलतीस? तुझ्यापक्षी त्यो कागद बरा!" त्यानं कपटा पागोट्यात खोवला आणि बैल वळवले. पांघरुणाखालून खोकला आला, ओला, खोल. गोदूबाईला तो खोकला ओळखीचा होता. गाडी पेठेकडं गेली. पेठेत वाण्याच्या दुकानात आता अर्काच्या बाटल्या दर्शनी फळीवर मांडलेल्या होत्या.

ती ओट्यावर उभीच राहिली. शेजारच्या बायकांनी तिला आत नेलं आणि पुढं कधी एकटी सोडलं नाही. गावानं ठरवलं, दुःखानं बाईचं डोकं फिरलं. मास्तरांचं नाव मात्र राहिलं! आजही म्हातारी माणसं सांगतात, काय खरा माणूस होता!

मग मंडळी, पाप कुणाचं? मी सुरुवातीला विचारलं तेव्हा तुम्ही वर बघत होता. आता खाली बघताय. डिपुटीची गोष्ट सांगितली तेव्हा खदखदा हसलात ना? तेव्हाच मास्तर तुम्हाला आवडले. सिदाजीच्या जागी तुम्ही असता, तर तुम्हीही कानांवर हातच ठेवले असते. मीही ठेवले असते.

आणि तुम्ही स्वतः? कुणाला तरी कधीतरी सांगितलंत ना, "मला गुण आला, तुम्हीही घ्या"? औषध असेल, बुवा असेल, सोयरीक असेल. पुढं गुण गेला. परत त्याच्या दारी जाऊन सांगितलंत? उद्या सकाळी जाल? ... एक मान हलली नाही. मला ठाऊक होतं. मीही कुठं गेलोय अजून? ही कथा सांगत गावोगाव फिरतो, पण ज्या एका दारी जायला हवं तिथं माझे पाय वळत नाहीत.

नको, टाळ वाजवू नका आज. हरीचं नाव मनात घ्या आणि उठा. तो मघाचा खोकणारा कुठं आहे? कथाभर दाबून बसलास ना बाबा, चारचौघांत नको म्हणून? खोक. आम्ही सगळे ऐकतोय. खोक.