गुरवाने वाळवंटातल्या दगडांना घातलेली अंघोळ

मंडळी, आज सप्ताहाचा सातवा दिवस. घसा माझा बसलेला, पाठी तुमच्या अवघडलेल्या. तरीही एक प्रश्न विचारतो. दया केली, अगदी मनापासून केली, आणि त्या दयेने जीवच गेला! तर ते पुण्य की पाप? बोला! ... माना खाली घालू नका. असो. मलाही पुष्कळ वर्षे उत्तर ठाऊक नव्हते.

ऐका. भानुदास गुरव म्हणून एक गृहस्थ. शंकराच्या देवळात चाळीस वर्षे पूजा केली. पहाटे उठावे, निर्माल्य काढावे, पिंडीस स्नान घालावे. पुढे देवळाचा कारभार धाकट्या भावाकडे गेला आणि हे साठाव्या वर्षी नोकरीस लागले. कोठे? थेट राजस्थानच्या वाळवंटात! हसू नका. अनसूया लोखंडे नावाच्या कॉलेजातल्या बाई तेथे संशोधन करीत होत्या. त्यांना विश्वासू राखणदार हवा होता. राखायचे काय? सोने? छे! दगड! पांढऱ्या गारगोट्या, एकूण चाळीस, प्रत्येकीवर लाल आकडा घातलेला.

भानुदास म्हणाले, "बाई, दगड कोण चोरतंय?"

"चोर नाही हो काका, वाटेनं जाणारी मेंढरं. पायानं उलटतात. या इकडं, वाका."

बाईंनी एक गारगोटी बोटभर कलती केली. आणि काय आश्चर्य! ज्या भूमीवर गवताची काडी नाही, तेथे दगडाच्या पोटाला हिरवी साय धरलेली!

"हे शेवाळ?"

"शेवाळाचे पूर्वज म्हणा. डोळ्यांना एकेक दिसणार नाही इतके सूक्ष्म जीव. झाडासारखे सूर्यप्रकाशावर स्वतःचं अन्न करतात. दोन वर्षं मी यांची वाढ मोजतेय."

बाई आणखी सांगणार, तोच जीपवाल्याने हॉर्न दिला. कॉलेजात परीक्षा होत्या. वीस दिवसांनी येते म्हणाल्या आणि गेल्या.

आता भानुदासांच्या मनाची अवस्था पाहा. सूर्यावर जगणारे जीव, आणि दगडाखाली कोंडलेले! अंधारात! तहानलेले! चाळीस वर्षे ज्याने दगडात देव पाहिला, त्याला हे कसे साहवावे? दुसऱ्या दिवशी पहाटे कळशी घेतली. एकेक गारगोटी उचलली, धुतली, हिरवी बाजू आभाळाकडे करून ठेवली. "घे बाबा, पोटभर ऊन घे!" — असे प्रत्येकीला म्हणाले. एकतिसावी झाली आणि गुडघा धरला. उरलेल्या नऊ उद्या करू म्हणाले. तो उद्या काही उगवला नाही, गुडघा सुजून बसला.

तुम्ही-आम्ही तरी वेगळे काय केले असते हो? खरे सांगा!

बाई परतल्या. जीपमधून उतरल्या आणि जागच्या जागी वाळूत बसल्या. हिरवी साय पिवळी पडून तिचे पापुद्रे सुटले होते.

"काका... हे कोणी केलं?"

"मीच की. अंघोळ घातली. ऊन दाखवलं."

बाई ओरडल्या नाहीत. दमलेले माणूस ओरडत नाही, मंडळी. हळूच म्हणाल्या, "त्यांना ऊन लागतं काका, पण चिमूटभर. हा दगड दुधी काचेसारखा, ऊन गाळून देतो. जाळणारं बाहेर ठेवतो, जगवणारं आत सोडतो. दवाचा ओलावाही दगडाखालीच टिकतो. कोरडं पडलं की ते महिनोन्महिने निजतात, ओल मिळाली की उठून कामाला लागतात. कोंडलेले नव्हते ते. घरात होते."

भानुदास म्हणाले, "मग हे आधी का नाही सांगितलंत?"

"चुकलं माझं. घाईत होते."

मग भानुदास पलीकडे बोट दाखवून म्हणाले, "नऊ राहिल्यात, बाई. माझा गुडघा दुखला म्हणून."

बाईंनी त्या नऊ तपासल्या. हिरव्या होत्या! दोन वर्षांचे काम आता तेवढ्यावर तगून होते. भानुदासांनी पिशवी भरायला घेतली.

"कुठं निघालात?"

"घरी. मला ठेवून काय करणार?"

"या नऊ राखायच्या आहेत. धुवायच्या नाहीत, उचलायच्या नाहीत. काहीही करायचं नाही. जमेल?"

मंडळी, ज्याचा उभा जन्म सेवेत गेला, त्याला केवढी ही शिक्षा! वर्षभर तो मनुष्य रोज पहाटे उठे, दगडांपाशी बसे आणि आपले हात मांडीखाली दाबून धरी. स्वतः सांगितले मला. "महाराज, पिंडी धुणं सोपं होतं." पण नऊच्या नऊ जगल्या. बाईंचे मोजमाप पुरे झाले.

तेव्हा माझ्या अल्प बुद्धीला सुचलेले उत्तर असे की, दया पापी नव्हती, उतावळी होती. आपल्या घरी पाहा. कमी बोलणारी सून असते, खोलीबाहेर न येणारा म्हातारा असतो. आपण म्हणतो, 'बिचारे! ओढा त्यांना चार माणसांत!' अहो, आधी शेजारी बसून विचारले का, की बाई, तू कशावर जगतेस? बाबा, तुला एवढेच पुरते का?

पुरे. मीही दमलो आहे. आता आरती होईल. तुमच्या शेजारी कोणी भिंतीला टेकून डोळे मिटले असतील, तर त्याला कोपराने ढोसून उभे करू नका. आरती बसून ऐकली तरी ती देवाला पोचते.