आखरातली सुबाभूळ

आनंदाबाई : बस ना एका जागी, प्रेमदास. भाकर थंडी होऊन राह्यली.

प्रेमदास : भूक नाई, माय. किसनरावानं ढोरं सोडली का?

आनंदाबाई : कायची सोडते! सारा हरभरा तुडवला त्याचा. कोंडवाड्यात घातली. अन् गाव सारं मंगरूवर उठलं. म्हणतात, याले ढोरं आवरत नाई, ढोरं चाराले दुसरा गायकी पाहा.

प्रेमदास : त्याची काय चूक? ढोरं रोजच्यासारखी आखरात जमाले आली, त तिथं आमच्या शिबिराचं काट्यांचं कुंपण. मंग घुसली बाजूच्या वावरात.

आनंदाबाई : हे मले काऊन सांगतं? सरपंचाले सांग ना.

प्रेमदास : काय सांगू? सरांनी पडीत जागा विचारली अन् मीच बोट दाखवलं. माह्या गावात कॉलेजचं शिबिर आलं, सुबाभूळ लागून राह्यली, याच्यातच मी फुगून गेलतो.

आनंदाबाई : लहानपणी आपली गाय त्याच आखरात सोडाले जात होता तू.

प्रेमदास : मंग तू काऊन नाई बोलली? अन् मंगरूदादा? तो त सोता आमच्यासंग खड्डे खोदत होता!

आनंदाबाई : मी तोंड उघडलं त तू म्हणाला, 'माय, तू चा ठेव.' अन् मंगरू गरीब गोंडाचा माणूस. तुह्यासारख्या कास्तकाराच्या पोरानं हातात टिकास देल्लं, त तो नाई म्हणन?

(शिबिराचे प्राध्यापक दारात येतात.)

सर : प्रेमदास, इथे काय करतोयस? उद्या सकाळी विद्यापीठाचे पाहुणे येताहेत. जनावरांनी कुंपण एका बाजूने पाडलंय, ते आधी उभं करा.

प्रेमदास : सर, ते काढावंच लागेल. ती पडीत जागा नाही, आखर आहे. सकाळी साऱ्या गावाची गुरं तिथे जमतात. तिथून गायकी त्यांना चरायला नेतो.

सर : अरे, मग आधी का नाही सांगितलंस? गाव तुझं!

प्रेमदास : मोकळी दिसली मले... मला, सर. मीही तुमच्यासारखंच पाहिलं.

सर : पोरांच्या हातांना फोड आलेत रे. पाहुण्यांना मी काय दाखवू? परवा काढू. एका दिवसाने काय बिघडतं?

प्रेमदास : उद्या पुन्हा ढोरं वावरात घुसतील. मंगरूदादाचं काम जाईल, सर.

सर : आणि मुलांना कोण सांगणार?

प्रेमदास : मी सांगतो. सरपंचालेही सांगतो. रोपं दुसरीकडे लावू. या वेळी विचारून.

सर : गाव हसेल तुला.

प्रेमदास : हसू द्या.

आनंदाबाई : बसा सर. आता ठेवतो मी चा. अन् तू कुठं निघाला, भाकर टाकून?

प्रेमदास : सरपंचाकडे. मंग काट्या काढाले.

आनंदाबाई : पह्यले मंगरूच्या घरी जाजो.

प्रेमदास : काय म्हणन तो, माय?

आनंदाबाई : काईच म्हणनार नाई, बाबू. म्हणून त जाजो.