आधी फक्त गाल

नाही, बोट काढा आधी तिथून. दाबून धरलं की रक्त थांबतं हे खरं, पण ज्या हाताने हे केलंत त्याच हाताने दाबू नका — त्या हातावरचा माझा विश्वास उडालाय. मान मागे टेका. बघू. गालावर दोन, हनुवटीवर एक, आणि ही कानामागे — इथे कसे पोचलात हो? कानामागे दाढी असते का कुणाला? मांजराशी भांडला असतात तरी एवढं झालं नसतं. काय? मोबाइलवर बघून केलंत. त्या माणसाने तीन मिनिटांत केली म्हणता — करणारच, तो रोज करतो, आणि चुकलं ते कापून टाकतो. व्हिडिओतलं म्हणते मी, गालातलं नाही. तुरटी लावते, झोंबेल. झोंबू दे. हात दाखवून अवलक्षण केलंय, निदान तोंड तरी वाकडं करू नका, जखमा उघडतात.

आणि हा तुमचा वस्तरा. पेटी छान आहे. आत मखमल, वर पितळी कडी — दागिना ठेवावा तसा ठेवलाय. पण धार कुठाय? ह्याने लोणीसुद्धा आधी विचार करून कापलं जाईल. तुम्हाला वाटलं, शिकाऊ माणसाला बोथटच बरा, हो ना? सगळ्यांना तेच वाटतं. उलट आहे. बोथट वस्तरा केसात अडतो, अडला की माणूस जोर देतो, आणि जोर दिला की केस तसाच राहतो, कातडी मात्र येते. धारदार वस्तऱ्याला जोर लागत नाही, नुसतं त्याच्या वजनाने जाऊ द्यायचं. पण एक सांगा, हे सुचलं कशाला? साध्या रेझरने काय घोडं मारलं होतं? ... बरं, नसेल सांगायचं तर राहू दे. पन्नाशी आली की पुरुषांना काहीतरी सुचतंच. कुणी सायकल घेतं, कुणी बासरी घेतं. बासरीने रक्त येत नाही, एवढाच फरक.

बसा असेच. अर्धी तुम्ही सोललीय, उरलेली अर्धी मी करून देते, आणि करता करता सांगते. बोलू मात्र नका, बोललात की गाल हलतो. हं करायचं असेल तर हाताचं बोट वर करा. आता बघा आरशात — गरम टॉवेल, दोन मिनिटं. तुम्ही लावलाच नव्हता, कोरड्यावरच सुरू झालात, वाटलंच. मग फेस, तोही केसांच्या उलट दिशेने घोळवून, केस उभे राहिले पाहिजेत. मग ह्या हाताने कातडी ताणायची आणि ह्या हाताने वस्तरा — असा, गालाशी जेमतेम कलता. आडवा झोपवला तर केस ओढतो, उभा केला तर खरवडतो. आणि कधीही, कधीही बाजूला सरकवायचा नाही. खाली किंवा वर, बस. तुमच्या त्या चारही जखमा सरकवल्याच्या आहेत, टोकाला शेपूट आहे बघा प्रत्येकीला. हे मला कुणी शिकवलं? ह्यांनी. हे दुकान ह्यांचं. मी चार वर्षं झाली बसतेय इथे, त्याआधी तीस वर्षं ह्या दाराच्या आत फक्त जेवणाचा डबा द्यायला आले.

बोट वर केलंत — विचारा, नको, बोलू नका, मला कळलं. मी का, आणि ते कुठायत. सांगते ना. मोठा कारागीर माणूस. नाकावर माशी बसू द्यायचे नाहीत, आणि गिऱ्हाइकाच्या नाकावर बसली तर तीही वस्तऱ्याने उडवतील असा हात. तीस वर्षांत कुणाला ओरखडा नाही, असं स्वतःच सांगायचे, दिवसातून दोनदा. लग्न झालं त्या वर्षी मी म्हटलं होतं, मलाही शिकवा की, दोन खुर्च्या आहेत, दुसरी रिकामीच असते. दुकान भरलेलं होतं तेव्हा. ते म्हणाले, हिच्या हातची पोळी फाटते, गालाचं काय होईल. सगळं दुकान हसलं. मीही हसले. काय करणार, डबा हातात होता.

मग चार वर्षांपूर्वी झटका आला. उजवी बाजू गेली — हात, पाय, तोंडाचा अर्धा कोपरा. जीभ जड झाली, पण शिव्या स्पष्ट यायच्या, डॉक्टरांनाही त्याचं नवल वाटलं. आणि दाढी वाढायला लागली. एक आठवडा, दोन आठवडे. त्या माणसाला रोज सकाळी साडेसहाला गुळगुळीत गाल लागायचा हो, तापातसुद्धा. माझे धाकटे दीर आले, त्यांचंही दुकान आहे पलीकडच्या बाजूला, रंगीत दिवे, मोठ्या आवाजात गाणी. आपली पेटी घेऊन आले बिचारे. ह्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. म्हणाले, ह्याच्या हाताखाली मान देण्यापेक्षा दाढीवर पाय पडून मरेन. दीर रागावून गेले, ते सहा महिने आले नाहीत. आणि ह्यांनी मला आरसा भिंतीकडे वळवून ठेवायला सांगितलं. शिव्या चालतात, पण आरसा वळवणं म्हणजे माणूस स्वतःलाच उठून जा म्हणतोय.

मान थोडी डावीकडे. हां.

तर मी दुकानातून वस्तरा आणला आणि म्हटलं, शिकवा. दुसरं गिऱ्हाईक नाही, दुसरा कारागीर नाही, पोळीचं नंतर बघू. दहा दिवस पाठीकडून करायला लावली — म्हणजे धार वर, बोथट पाठ गालावर. तुम्हीही तेच करायचं, दहा दिवस, लाज वाटू द्यायची नाही. फेस लावायचा, पाठीने काढायचा. हात कुठे थरथरतो, मनगट कुठे अडतं, कुठल्या वळणावर आपला श्वास थांबतो, सगळं कळतं. ते खाटेवर बसून डाव्या हाताने काठी आपटायचे. चुकलं की एकदा, फार चुकलं की सलग. पहिल्या दिवशी शेजारच्या बाई विचारायला आल्या, घरात सुतारकाम काढलंय का. अकराव्या दिवशी म्हणाले, धार फिरव. आधी फक्त गाल, हनुवटीला हात लावायचा नाही. तुम्हालाही तेच सांगते. धार फिरवल्यावर पहिले पंधरा दिवस फक्त गाल वस्तऱ्याने, बाकीचं तुमच्या रेझरने. हनुवटी म्हणजे घाट आहे, घाटात शिकाऊ ड्रायव्हर नेत नाहीत.

गाल छान झाले. दोन्ही. मलाच खरं वाटेना. म्हणून मी हनुवटीकडे वळले, आणि वळता वळता विचारलं, आठवतं का, दुकानात सगळ्यांसमोर काय म्हणाला होतात, पोळीचं? ते म्हणाले, कसली पोळी? विचार करायलासुद्धा थांबले नाहीत. मी तीस वर्षं ते बोलणं गिळून बसलेय, आणि ह्यांना — कसली पोळी.

तर हनुवटीला कापलं. आमच्या गिऱ्हाइकांना मी सांगते, हात घसरला. तुम्हाला का सांगतेय कोण जाणे, चार जखमा घेऊन आलात म्हणून असेल — घसरला नव्हता. हलू नका, तुमचं काही नाही, तुम्ही माझं काय घोडं मारलंय. बारीकच होतं, नखाएवढं. रक्ताचा थेंब फेसात उतरला. ते म्हणाले, आरसा आण. मी भिंतीवरचा आरसा काढला आणि समोर धरला. दोन आठवड्यांनी पहिल्यांदा पाहिलं त्यांनी स्वतःला. हनुवटी वर करून नीट निरखलं. मला वाटलं आता काठी पाठीत. तर म्हणाले, "घसरलेला काप तिरका जातो, त्याला शेपूट असतं. हा पट्टी लावून आखल्यासारखा आहे." मी आरसा खाली घेतला. म्हणाले, "मुद्दाम केलंस. पण हात सरळ आहे तुझा. उद्यापासून दुकान उघड."

माफी नाही हो, कसली माफी. पोळी आठवली की नाही तेही आजतागायत कळलं नाही. पण दुकान उघडलं. पहिले पाच दिवस कुणी बसेना. दारात यायचे, मला बघायचे, घड्याळ बघायचे आणि काम आठवल्यासारखं करून जायचे. सहाव्या दिवशी निवृत्त पोस्टमन आले, त्यांना ऐकू कमी येतं आणि दिसतं त्याहून कमी. दाढी झाल्यावर गालावरून हात फिरवून म्हणाले, हात सुधारला की रे तुझा. तिथून सुरू झालं. आणि ह्यांची दाढी रोज मी. दहा वाजता, व्यायामाच्या बाईंकडून आले की ह्याच खुर्चीत.

आता गळा. इथे मी बोलत नसते खरं तर.

... झालं. श्वास घ्या, घ्या. एक मात्र सांगते, सांगायला नको, पण तोंडाशी आलंय. दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. बँकेत गेले होते, गर्दी नव्हती म्हणून लवकर परतले, दुकानाच्या मागच्या दाराने. तर हे आरशासमोर उभे. उभे बरं का, काठीशिवाय, कमरेने टेबलाला रेलून. डाव्या हातात वस्तरा, आणि डावा गाल पूर्ण झालेला, काचेसारखा. पट्टी लावून आखल्यासारखा. मी दारातच थांबले. किती महिने करत होते सराव, देव जाणे, माझ्या मागे. पिशवी दाराला लागली, आवाज झाला. आणि त्या माणसाने काय करावं — वस्तरा खाली ठेवला, ब्रश उचलला, झालेल्या गालावर परत फेस फासला आणि खुर्चीत येऊन बसले. म्हणाले, नुसता फेस लावून ठेवलाय, तू येशील म्हणून.

मी टॉवेल बांधला, वस्तरा घेतला. आता असं असतं, दाढीवर वस्तरा चालला की बारीक आवाज येतो, वाळलेल्या पानावरून बोट फिरवल्यासारखा. आत्ता तुमचा येत होता. भादरलेल्या गालावर काहीच येत नाही. पूर्ण शांत. आणि ह्यांचा कान असा की दुसऱ्या खोलीतून सांगतील वस्तरा कुठे अडला ते. म्हणून मी बोलत सुटले. बँकेतलं, पावतीवरच्या चुकीचं, शिपायाच्या टोपीचं, जे सुचेल ते. नुसत्या फेसावरून वस्तरा फिरवत होते आणि बोलत होते. त्या दिवसापासून ही बडबड लागली मला, दाढी करताना. आधी मी अशी नव्हते.

तेव्हापासून रोज करते. ते जमत नसल्यासारखे बसतात, मी माहीत नसल्यासारखी करते. आळशी असतील, काय सांगावं. आयतं मिळतंय तर कोण सोडतं.

काय? ... त्यांना कळलं असेल का, की मी पाहिलं?

... वस्तऱ्याचा आवाज आला नव्हता, हे तर त्यांनाही ऐकू आलं असणारच.

उठा आता. मान पुसा, फेस राहिलाय. वस्तरा इथे ठेवून जा, धार लावून देते, उद्या न्या, आणि दहा दिवस पाठीकडून, विसरू नका. ते बघा, कोपऱ्यावर आले, पाय ओढतायत, तुम्ही असलात की जास्तच ओढतील. निघा. मला पाणी गरम करायचंय.